रेनोच्या नावावरचा गुडघा

१

मंगळवारी, नऊ फेब्रुवारीला, सकाळी दहा वाजता सरकारी कागदोपत्री रेनो हापालाचे उपचार संपले. वाचा त्याच्या चार आठवडे आधीच गेली होती.

मला लॉरेनचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला तेव्हा माझा वार नसूनही मी वृद्ध केंद्रात एका म्हातारीचा फॉर्म भरत होते. तीस वर्षं मी काउंटीच्या कोर्टात कारकुनी केली. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातले तीन दिवस गावातल्या ज्येष्ठांना सरकारी विम्याची कागदपत्रं समजावून सांगते. फुकट. त्यामुळे टॅमरॅक बे गावात विम्याचं काही अडलं की लोक म्हणतात, "व्हर्नाला फोन करा."

"व्हर्ना, ती म्हणते संपलं," लॉरेन म्हणाली. "आजपासून यायचं नाही म्हणते."

"कोण म्हणते? काय संपलं?"

"डेनिस. बोलण्याचे उपचार करणारी. वर्षाचं संपलं म्हणे. अगं, फेब्रुवारी चालू आहे!"

मी गाडी काढली. डेनिसच्या छोट्याशा दवाखान्यात रेनो कोट घालून, टोपी हातात घेऊन बसला होता. सत्तर वर्षांचा, दारातून वाकून यावं लागेल असा उंच. तीस वर्षं या किनाऱ्यावरचे सगळे लिलाव त्यानं पुकारले. त्याचा आवाज ऐकून लोक गरज नसलेल्या गायी घेऊन घरी जायचे. बारा जानेवारीला मेंदूत गुठळी झाली. हातपाय शाबूत राहिले, चालणं शाबूत राहिलं, डोकं शाबूत राहिलं. फक्त शब्द गेले. आता त्याला एकच शब्द येत होता, "तेच." कॉफी हवी, "तेच." नको, तरी "तेच."

डेनिसचे डोळे लाल होते. "व्हर्ना, मला नियम माहीत आहे, तुलाही माहीत आहे. मी काय करू?"

मला नियम माहीत होता. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, असल्या उपचारांना वर्षाला ठराविक रक्कम देतो, पुढे नाही. त्यातही गंमत अशी की बोलण्याचे उपचार आणि हातापायांची फिजिओथेरपी, दोन्ही एकाच डब्यातून जातात. कायद्यातल्या एका वाक्यात स्वल्पविराम राहून गेला म्हणून, असं सांगतात. एरवी डॉक्टरांनी गरज लिहून दिली की मर्यादा ओलांडायची सवलत मिळायची. पण ती सवलत डिसेंबर अखेरीला संपली आणि वॉशिंग्टनमध्ये कोणी ती वाढवलीच नव्हती. २०१०चा तो हिवाळा तसा गेला.

"पण याची तर चारच सेशन्स झाली तुझ्याकडे," मी म्हणाले.

"माझ्याकडे चार," डेनिस म्हणाली. "बाकी सगळी रक्कम फिजिओथेरपीवर गेलीय. मी पहिल्या दिवशी फोन केला तेव्हा काही दिसत नव्हतं. बिलं उशिरा पोचतात ना. आज दिसतायत. चौदा सेशन्स. डाव्या गुडघ्याची."

लॉरेन हसलीच. "गुडघ्याची? याची? हा तर काल माझ्यापुढे वीस पावलं चालत होता."

डेनिसनं मला बाजूला घेतलं. "हे पहिले तीन महिने सोन्यासारखे असतात," ती हळूच म्हणाली. "मेंदू आत्ता शिकतो. नंतर दार अर्धं लागतं. जे करायचं ते लवकर कर."

२

त्या दुपारी लॉरेनच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही फोनवरून सगळ्या तारखा उतरवून घेतल्या. ऑर्टन गावातलं फिजिओथेरपी क्लिनिक, इथून चाळीस मिनिटांवर. सोमवार, बुधवार, शुक्रवार. चार जानेवारी ते पाच फेब्रुवारी. मधला एक शुक्रवार गाळलेला.

माझं बोट पाचव्या ओळीवर थांबलं.

"लॉरेन, तेरा जानेवारी. बुधवार. सकाळी नऊ."

ती पांढरी पडली. "तेरा तारखेला हा अतिदक्षता विभागात होता. नाकात नळी होती."

"म्हणजे एक तर त्या क्लिनिकनं बिलं खोटी केली, नाही तर कोणीतरी रेनो बनून तिथे गेलं."

"कसं जाईल? कार्ड लागतं ना?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. कारण रेनोला हॉस्पिटलात नेलं तेव्हा त्याच्या पाकिटात कार्ड नव्हतं. लॉरेननं घर उलटंपालटं केलं होतं. शेवटी जुन्या पत्रावरून नंबर शोधून मीच हॉस्पिटलला दिला होता. आणि आता तीन दिवसांपूर्वी, शनिवारी, ते कार्ड रेनोच्या लोकरी कोटाच्या खिशात सापडलं.

"तो खिसा मी तेव्हा तीनदा पाहिला होता," लॉरेन म्हणाली. "मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय."

साधं कागदी कार्ड ते. त्याच्यावर फोटो नसतो.

"या आठवड्यात घरी कोण कोण आलं?"

"कोण येणार? वायनो येतो. पाद्री एकदा आले. तुझा नवरा, रस, तर रोजच येतो याची दाढी करायला. वायनो आणि रस सोडून याला कोणी हात लावलेला चालत नाही."

वायनो म्हणजे रेनोचा धाकटा भाऊ. एकसष्ट वर्षांचा, लग्न न केलेला. नोव्हेंबरात छपरावरून पडला, तेव्हापासून लंगडतो. खाण बंद पडली तेव्हा त्याचा विमाही गेला आणि सरकारी विम्याला पासष्ट पुरी व्हावी लागतात. तसं आमच्या गावात खाणीत राबलेल्या प्रत्येक माणसाचा एक गुडघा कुरकुरतो आणि निम्म्यांना विमा नाही. पण कार्ड हाताशी असलेला लंगडा एकच होता.

रेनो खिडकीजवळ बसून सगळं ऐकत होता. मी तारखांचा कागद त्याच्यापुढे धरला. त्यानं तो वाचला. पुन्हा वाचला. मग त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"वायनो गेला होता का?" लॉरेननं विचारलं.

त्यानं जोरात मान हलवली. नाही.

"मग कोण? तुला माहीत आहे?"

रेनोनं कागद घडी करून माझ्या हातात दिला, लॉरेनच्या नाही. आणि डोळे मिटून घेतले.

"भावाला वाचवतोय," लॉरेन दातओठ खात म्हणाली. "आयुष्यभर हेच केलं यानं."

३

वायनो गॅरेजमध्ये जाळं दुरुस्त करत होता. लॉरेननं प्रस्तावना केली नाही.

"लाज नाही वाटली? भाऊ मरणाच्या दारात, आणि तू त्याचं कार्ड घेऊन मालिश करून घेतोस?"

वायनोनं आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "ही काय पिऊन आलीय?"

मी त्याला कागद दाखवला. तो वाचताना त्याचे ओठ हलत होते. वाचून झाल्यावर तो उठला, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाय पुढे केला. उजवा. भोपळ्यासारखा सुजलेला.

"चौदा वेळा उपचार घेतलेला गुडघा असा दिसतो का, व्हर्ना? आणि तोही भलताच?"

लॉरेन वाकून तो पाय बघू लागली.

"आणि एक ऐक, लॉरेन," तो म्हणाला. "डिसेंबरात रेनो स्वतः मला म्हणाला होता, 'तुला दवाखान्यात जायचं तर माझं कार्ड ने, मला कुठे लागतं?' मी नाही म्हटलं. मी भुरटा असेन, पण मूर्ख नाही. त्याला उद्या काही झालं तर, असं म्हटलं मी त्याला. तर हसला. म्हणाला, 'मला काय होतंय?'"

परत येताना लॉरेन एकच वाक्य बोलली. "म्हणजे यानं ते दुसऱ्या कोणाला तरी दिलं."

मी घरी पोचले तेव्हा रसनं, माझ्या नवऱ्यानं, चुलीवर सूप ठेवलं होतं. बाहेरून लाकडांचा भारा छातीशी धरून तो पायऱ्या चढून आत आला आणि माझा चेहरा बघून भारा तिथेच ठेवला. मी त्याला सगळं सांगितलं. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून ऐकत राहिला.

"त्या ऑर्टनच्या क्लिनिकवाल्यांचंच काम असणार," तो म्हणाला. "बिलं फुगवतात साले. तू कशाला एवढी धावाधाव करतेस? हिवाळा आहे, रस्ते वाईट. वॉशिंग्टनवाले सवलत आणतीलच आज ना उद्या."

"आज ना उद्या रेनोला चालणार नाही."

"हो, तेही खरं," रस म्हणाला आणि सूप ढवळायला वळला.

४

गुरुवारी लॉरेनला घेऊन मी ऑर्टनला गेले. रेनोच्या वतीनं कागद मागायचा अधिकार तिला होता.

फिजिओथेरपिस्ट कर्टिस डॉबर्ट पस्तिशीचा होता. नोव्हेंबरातच दक्षिणेकडून इथे आलेला. मी बिलं खोटी आहेत का असं विचारताच त्याचे कान लाल झाले.

"मॅडम, मिस्टर हापाला इथे चौदा वेळा आले. मी स्वतः त्यांचा पाय हातात धरलाय."

"कसे होते दिसायला?"

"उंच. सडपातळ. साठीतले. टोपी कधी काढायचे नाहीत."

"बोलायचे?"

"फारसे नाही. शांत माणूस."

लॉरेननं माझ्याकडे पाहिलं. रेनोला कोणी शांत म्हणालं असतं तर गावानं सुट्टी घेतली असती. वायनो तर बुटका.

"रोजच्या नोंदी दाखवाल?"

त्यानं फाइल आणली. कोर्टात मी खोट्या नोंदी पुष्कळ पाहिल्यात. त्या सगळ्या एकाच दिवशी, एकाच सुरात लिहिलेल्या असतात. या तशा नव्हत्या. एके दिवशी गुडघा जास्त वाकला, दुसऱ्या दिवशी कमी. 'बर्फावर मासे पकडायला बसले, सूज आली, रागावलो.' एका शुक्रवारी वादळ, 'रुग्ण आला नाही.' शेवटच्या आठवड्यात, 'वजन घेऊन पायऱ्या चढतात. वेदना नाहीत.' हा कर्टिस खरं बोलत होता. एक खराखुरा माणूस इथे येऊन बरा होऊन गेला होता.

मी तेरा जानेवारीची नोंद काढली.

'रुग्णाचं लक्ष नाही. विचारल्यावर म्हणाले, काल जवळचा मित्र गंभीर आजारी पडला. अर्ध्यावर थांबायचं का विचारलं. नको म्हणाले. पूर्ण केलं.'

"मित्र," मी मोठ्यानं वाचलं.

"अगं, पण त्या दिवशी मित्र म्हणण्यासारखे सगळे हॉस्पिटलातच होते," लॉरेन म्हणाली. "पाद्री रात्रीच आले. रस दुपारी बारा वाजता पोचला, रस्त्यावर बर्फ होता म्हणाला."

रस त्या दिवशी घरातून सकाळी आठ वाजता निघाला होता. मी त्याला थर्मास भरून दिला होता. हॉस्पिटल आमच्या घरापासून दीड तासावर. ऑर्टन वाटेवरच लागतं.

मी स्वतःला म्हणाले, बर्फ होता. बर्फ होताच त्या दिवशी.

"यात पहिलं पान नाही," मी कर्टिसला विचारलं. "पहिल्या दिवशी तुम्ही तपासणी करता ना?"

"ते वेगळं ठेवतो. थांबा, प्रत काढून देतो."

ते पान मी गाडीत बसल्यावर उघडलं. वर वजन, उंची, गुडघा किती वाकतो त्याचे अंश. 'ऑक्टोबरात धक्क्यावरून बोट ओढताना घसरले.' खाली एक चौकट, प्रत्येक रुग्णाला विचारतात तो प्रश्न: बरं होऊन तुम्हाला काय करायचंय?

कर्टिसनं उत्तर जसंच्या तसं लिहिलं होतं. 'मे महिन्यात लग्नाला चाळीस वर्षं होतायत. बायकोबरोबर एकदा नाचायचंय. तिला सांगू नका.'

लॉरेन आणि रेनोच्या लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती.

"काय आहे त्यात?" लॉरेननं सीटबेल्ट लावत विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "वजन, उंची."

चाळीस मिनिटं मी गाडी चालवली. ती शेजारी बसून वायनोवर संशय घेतल्याबद्दल हळहळत होती. मी रस्ता बघत राहिले.

५

रस सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या खोलीच्या, बाहेर लाकडं फोडत होता. नोव्हेंबरात हाच माणूस काठी टेकत न्हाणीघरापर्यंत जायचा. त्याचीही पासष्ट पुरी व्हायची होती आणि विमा नव्हता. जानेवारीत सुधारत गेला तेव्हा म्हणाला, सौनाच्या वाफेनं सुटला गुडघा. आणि मी गावभर सौनाचे गोडवे गात फिरले होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी वृद्ध केंद्रात. तो मासे पकडायला. मासे क्वचितच आणायचा.

मी ते पान त्याच्यापुढे धरलं. त्यानं कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. नाकारलं नाही, तेवढं एक मान्य करते.

"रेनोनंच दिलं कार्ड," तो म्हणाला. "डिसेंबरात. सौनात बसलो होतो. 'ने,' म्हणाला. 'दहा वर्षं डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही मी, फुकट जायचंय ते.' मी चोरलं नाही, व्हर्ना."

"बारा तारखेपर्यंत नाही चोरलंस. चार वेळा गेलास, तेव्हा तो धडधाकट होता. ती तुमची दोघांची चूक. तेरा तारखेचं सांग."

तो कुऱ्हाडीचा दांडा चाचपत राहिला.

"त्याच्या नाकात नळी होती. लॉरेन कार्डासाठी घर खणत होती. मी, तुझी बायको, फोनवर नंबर शोधत होते. कार्ड तुझ्या खिशात होतं. आणि तू तिथे पाय वाकवत होतास."

"त्या दिवशी शेवटचंच जायचं ठरवलं होतं."

"त्यानंतर नऊ वेळा गेलास."

"निम्म्यात सोडलं असतं तर गुडघा कायमचा गेला असता! कर्टिस म्हणाला तसं. मला कुठे माहीत होतं की दोन्ही एकाच डब्यातून जातं? पाय वेगळे, तोंड वेगळं. कोणाला सुचेल?"

"मला विचारायचंस. मी हेच तर सांगते लोकांना, आठवड्यातून तीन दिवस."

"तुला विचारलं असतं तर तू थांबवलं असतंस."

हे बोलल्यावर त्यालाच ऐकू आलं आपण काय बोललो ते. तो ओंडक्यावर बसला.

"बरं, नव्हतं माहीत," मी म्हणाले. "पण मंगळवारी मी घरी येऊन तुला सगळं सांगितलं. तेव्हा कळलं ना? आणि बुधवारी सकाळी तू जाऊन त्याची दाढी केलीस."

"केली."

"त्यानं काय केलं?"

रसनं चेहरा हातांनी झाकला. "माझा हात धरला. मला वाटलं वस्तरा ढकलतोय. तर नुसता धरून राहिला. 'तेच, तेच,' म्हणत राहिला. मला त्याचा अर्थ नाही कळला."

"रस, तू त्याचा गळा हातात धरून बसला होतास आणि तुला त्याला सांगावंसं वाटलं नाही?"

"घाबरलो होतो. हा गुन्हा आहे. तुरुंगात टाकतात. रेनोलाही अडकवतील. आणि तुला इथे कोण दारात उभं करेल? मी तुझ्यासाठीसुद्धा—"

"माझं नाव घेऊ नकोस," मी म्हणाले. "त्या पानावर घेतलंस तेवढं पुरे."

मी आत गेले, कागद आणि पेन आणून त्याच्यापुढे ठेवलं. "उद्या सकाळी क्लिनिक उघडलं की तू जाऊन कर्टिसला सांगायचंस. त्यांनी ती चौदा बिलं मागे घेतली की रेनोची मर्यादा मोकळी होईल. तू नाही गेलास तर मी जाईन."

"दोन आठवडे थांब, व्हर्ना. सवलत येईल. मग कोणाचंच काही बिघडणार नाही."

"लिही," मी म्हणाले.

६

त्यानं लिहिलं. शुक्रवारी गेला. मी बरोबर गेले नाही. मी लॉरेनकडे गेले.

तिनं सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "काल गाडीत तुला कळलं होतं?"

"हो."

"आणि मला म्हणालीस, वजन आणि उंची."

"आधी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं."

"माझ्या नवऱ्याची वाचा अडकली होती आणि तुला तुझ्या नवऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं." तिनं माझ्यापुढचा कॉफीचा कप उचलून मोरीत ओतला. "त्याच घरात राहतेस, त्याच पलंगावर झोपतेस. महिनाभर तुला कळलं नाही, यावर गाव विश्वास ठेवेल का, बघ. मी नाही ठेवत."

गावानंही ठेवला नाही. वृद्ध केंद्रात माझ्या टेबलासमोरची खुर्ची रिकामी राहायला लागली. शेवटी मीच किल्ली परत केली.

क्लिनिकनं बिलं मागे घेतली. पंचवीस फेब्रुवारीला रेनो पुन्हा डेनिससमोर बसला. आणि पुढच्याच आठवड्यात वॉशिंग्टनमध्ये सही होऊन सवलत परत आली, तीही एक जानेवारीपासून लागू. रसनं ती बातमी मला वर्तमानपत्रातून वाचून दाखवली.

"बघ," तो म्हणाला. "फक्त थांबायचं होतं. काहीच करायला नको होतं."

त्याच्या आवाजात तक्रार होती. खरंच तक्रार होती. त्या क्षणापर्यंत मी ठरवत होते. त्यानंतर ठरवायला काही उरलं नाही. एप्रिलमध्ये तो बहिणीकडे राहायला गेला. सामान त्यानं स्वतःच उचलून गाडीत भरलं. चौकशीवाले दोनदा आले. सरकारनं त्याला दंड केला, तुरुंगात टाकलं नाही. रेनोला समज देऊन सोडलं.

जूनमध्ये एका सकाळी दार वाजलं. बाहेर रेनो. एकटाच चालत आला होता. लॉरेनला न सांगता, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. मी त्याला आत घेतलं, वेलदोड्याचा पाव कापला. डेनिसकडून मला कळत होतं, शब्द येत होते, एकेक. चाळीसभर झाले होते. दार अर्धं लागण्याआधी किती आले असते, ते कोणी सांगू शकत नाही.

तो टेबलावर दोन्ही हात ठेवून बसला. घाम फुटेपर्यंत त्यानं तोंडाची जुळवाजुळव केली.

"मी," तो म्हणाला. मग बराच वेळ गेला. "मी. दिलं."

"माहीत आहे."

त्यानं मान हलवली, अजून झालं नाही अशी. "रस." पुन्हा थांबला. डोळे मिटून त्यानं तो शब्द कुठून तरी खोलातून ओढून काढला. "मित्र."

आवाज तोच होता, लिलावात शेवटची बोली मागायचा तोच. मला तो ऐकून रडू आलं आणि रागही आला. माफी मागायला याला चार महिने एकेक शब्द वेचावा लागला. तीही दुसऱ्याच्या वतीनं.

"रेनो," मी म्हणाले, "तू गप्प राहिलास कारण तुझी वाचा गेली होती. त्याची गेली नव्हती."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं हळूच मान खाली घातली, पावाचा तुकडा कॉफीत बुडवला, आणि आम्ही दोघं खात बसलो.